दोन लायब्रऱ्या एकमेकींत अडकल्या की एक्स्पोर्ट-इम्पोर्टचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या परसोडीतल्या आयटी पार्कात बसणाऱ्या एका लहान टीमने कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी सी प्लस प्लसमध्ये सॉफ्टवेअर लिहिलंय. संत्र्याचे कॅरेट काट्यावर चढतात, वजन येतं, कॅमेऱ्यातून आकार आणि रंग पाहून प्रत ठरते आणि पावती छापली जाते. कोड दोन शेअर्ड लायब्रऱ्यांत (ॲप चालताना लोड होणाऱ्या वेगळ्या फाइली, विंडोजवर त्यांना डीएलएल म्हणतात) विभागलाय. 'काटा' सिरियल पोर्टवरून वजन वाचते, 'प्रतवारी' माल कोणत्या प्रतीचा ते ठरवते. दोघींच्या वर 'पावती' हे ॲप. लिनक्सवर सगळं बिल्ड होतं आणि चालतंही. पण गाळ्यांवरची मशीन विंडोजची, आणि तिथे 'प्रतवारी' लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, एलएनके२००१ (वापरलेलं नाव कुठेच सापडलं नाही) ही एरर येते, 'काटा'मधल्या एका क्लासच्या स्टॅटिक मेंबरचं नाव घेऊन. त्याच क्लासच्या फंक्शनांबद्दल लिंकर चकार शब्द काढत नाही. भरीस भर म्हणून आता 'काटा'लाही 'प्रतवारी'मधली काही फंक्शनं लागायला लागली आहेत, तेव्हा आधी कोणती बिल्ड करायची तेच कळेनासं झालंय. विचारलेल्या गोष्टी तीन: लिनक्सवर चालतं ते विंडोजवर का नाही, 'सगळंच एक्स्पोर्ट करा' हा पर्याय लावून मोकळं व्हावं का, आणि ही परस्परांची गरज कशी भागवायची.

पुढे मॅक्रोंची आणि फ्लॅगांची नावं मी देवनागरीतच लिहितोय. कोडात ती अर्थातच रोमन असतील, तेवढं समजून घ्या.

तुम्ही दोन्ही लायब्रऱ्यांना मिळून एकच मॅक्रो ठेवलाय, 'मंडी_एपीआय'. 'मंडी_बिल्ड' डिफाइन असेल तर तो डीएलएलएक्सपोर्ट (हे नाव या डीएलएलमधून बाहेर द्यायचंय) होतो, नसेल तर डीएलएलइम्पोर्ट (हे नाव दुसऱ्या डीएलएलमधून घ्यायचंय). आणि 'मंडी_बिल्ड' दोन्ही लायब्रऱ्यांच्या बिल्डमध्ये डिफाइन केलेला आहे. घोडं इथेच पेंड खातंय. परस्परावलंबनाचा प्रश्न वेगळा आहे, त्याच्याकडे नंतर वळू. दोन्ही गुंते एकत्र सोडवायला गेलात तर कुठल्या बदलाने काय सुटलं ते कळणार नाही.

बाजारसमितीत एकच ट्रक एका गेटच्या रजिस्टरात जावक असतो आणि दुसऱ्या बाजाराच्या रजिस्टरात आवक. सिम्बॉलचंही, म्हणजे लिंकर ज्या नावांची जुळणी करतो त्यांचंही, तसंच आहे. 'वजन_वाचा' हे फंक्शन 'काटा' बिल्ड होताना जावक आहे आणि 'प्रतवारी' बिल्ड होताना आवक. हेडर फाइल मात्र एकच, ती दोन्हीकडे इन्क्लूड होते. म्हणून हेडरमधल्या मॅक्रोला विचारता आला पाहिजे तो प्रश्न 'आत्ता लायब्ररी बिल्ड होतेय का' हा नाही, 'आत्ता काटा बिल्ड होतेय का' हा आहे. तुमचा मॅक्रो पहिला प्रश्न विचारतो. 'प्रतवारी'ची एखादी सीपीपी फाइल कंपाइल होताना तिने 'काटा'चं हेडर ओढलं की मॅक्रो म्हणतो, हो, लायब्ररी बिल्ड होतेय, आणि 'काटा'चा माल 'प्रतवारी'च्या जावक रजिस्टरात चढतो.

मग फंक्शनं का चालली? हे नीट समजून घ्या, कारण अर्धवट चालणारी चूकच जास्त दिवस लपून राहते. विंडोजवर डीएलएल लिंक झाली की तिच्यासोबत एक इम्पोर्ट लायब्ररी तयार होते, ती लिब फाइल. तिच्यात प्रत्येक एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनसाठी दोन नावं असतात. एक पुढे 'इम्प' लावलेलं, जे इम्पोर्ट ॲड्रेस टेबलमधल्या खणाकडे बोट दाखवतं. दुसरं साधं नाव, ज्याच्या मागे छोटासा जंप कोड असतो: त्या खणातला पत्ता घ्यायचा आणि तिथे उडी मारायची. डीएलएलइम्पोर्ट लिहिलं असेल तर कंपायलर थेट खणातून कॉल करतो. नसेल तर तो साधं नाव वापरतो, लिंकर त्याला जंप कोड जोडून देतो, एक उडी जास्त पडते आणि काम होऊन जातं. म्हणून फंक्शनांसाठी डीएलएलइम्पोर्ट लिहिणं सक्तीचं नाही, फायद्याचं आहे. एक बारीक फरक तेवढा राहतो. डीएलएलइम्पोर्टशिवाय फंक्शनचा पॉइंटर घेतला तर हातात जंप कोडचा पत्ता येतो, त्यामुळे दोन डीएलएलमध्ये घेतलेले एकाच फंक्शनचे पॉइंटर एकमेकांशी जुळतीलच असं नाही. कॉलबॅक काढून टाकताना पॉइंटरची तुलना करत असाल तर हे चावतं.

डेटाला ही सवलत नाही. ग्लोबल व्हेरिएबल किंवा स्टॅटिक मेंबर वाचायचा तर उडी मारून कुठे जाणार? कंपायलरला आधीच माहीत असावं लागतं की पत्ता टेबलमधून आणायचाय आणि मग त्या पत्त्यावरची किंमत वाचायचीय. ते त्याला डीएलएलइम्पोर्टनेच कळतं. तुमच्या 'प्रतवारी'ला सांगितलं गेलं की 'चालू_काटा' हा स्टॅटिक मेंबर आपल्याच घरचा आहे. तिने तो आपल्याच ऑब्जेक्ट फाइलींत शोधला, मिळाला नाही, आणि एलएनके२००१ आली. एरर खरी आहे आणि नेमक्या जागी आहे.

याच चुकीचा दुसरा, आवाज न करणारा परिणामही तपासून घ्या. अख्खा क्लास डीएलएलएक्सपोर्ट म्हणून जाहीर झाला की मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्याची इनलाइन फंक्शनं आणि आपोआप तयार होणारे कॉपी कन्स्ट्रक्टर, असाइनमेंट वगैरे तिथल्या तिथे तयार करून एक्स्पोर्ट करून टाकतो. म्हणजे 'काटा'च्या क्लासची ही फंक्शनं आज 'प्रतवारी'च्या एक्स्पोर्ट यादीतही असणार. डम्पबिन हे मायक्रोसॉफ्टचं टूल 'एक्स्पोर्ट्स' पर्यायाने 'प्रतवारी'वर चालवा आणि यादीत 'काटा'ची नावं शोधा. सापडली तर निदान पक्कं. 'पावती' लिंक करताना मग ही फंक्शनं कोणत्या डीएलएलमधून घेतली जातात ते लिब फाइली कोणत्या क्रमाने दिल्या त्यावर ठरतं, आणि असल्या गोष्टी क्रमावर सोडू नयेत.

आता लिनक्स का गप्प बसतं ते पाहू. तिथे ईएलएफ या बायनरी फाइलींच्या फॉरमॅटमध्ये आयात वेगळी जाहीर करावीच लागत नाही आणि जीसीसी हा तिथला कंपायलर काही वेगळं सांगितलं नाही तर सगळी नॉन-स्टॅटिक नावं बाहेर दाखवतो. ॲप लायब्ररीतलं व्हेरिएबल थेट वापरत असेल तर बऱ्याचदा लिंकर त्याची जागा ॲपमध्येच राखून ठेवतो, आणि सुरुवातीची किंमत लोड होताना लायब्ररीतून तिथे कॉपी होते. याला कॉपी रिलोकेशन म्हणतात. शिवाय शेअर्ड लायब्ररी लिंक करताना एखादं नाव सापडलं नाही तरी लिंकर तक्रार करत नाही, पुढे कोणीतरी देईल असं गृहीत धरतो. तुमची 'काटा' लिनक्सवर 'प्रतवारी'ची फंक्शनं वापरूनही बिल्ड झाली ती याच उदारपणामुळे. सीमेक या बिल्डच्या साधनात 'काटा'च्या लिंक यादीत तुम्ही 'प्रतवारी' लिहिलेलीच नसणार. लिहिली असती तर सीमेकनेच अडवलं असतं, कारण एकमेकींवर अवलंबून असण्याची मुभा ते फक्त स्टॅटिक लायब्रऱ्यांना देतं.

तेव्हा 'लिनक्सवर बरोबर आहे, विंडोजवर बिघडतं' ही मांडणी मनातून काढून टाका. दोन्हीकडे चूक तीच आहे, एकीकडे ती बोलते आणि दुसरीकडे गप्प राहते. गप्प राहणाऱ्या बाजूचा धोका जास्त. समजा दोन्ही लायब्रऱ्यांनी आपापल्या सीपीपी फाइलीत 'गोळाबेरीज' नावाचं, सारख्याच पॅरामीटरांचं मदतनीस फंक्शन लिहिलं. एकीत ते वजन जवळच्या ग्रॅमला आणतं, दुसरीत जवळच्या पन्नास ग्रॅमला. दोघांना ना स्टॅटिक लावलेलं, ना नेमस्पेस. विंडोजवर दोघी आपापलं वापरतील. लिनक्सवर शोधाच्या क्रमात जी लायब्ररी आधी येते तिचं फंक्शन दोघींना लागू पडेल. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त पावतीवरचं वजन चुकलेलं. आणि अडत्या काही 'सिम्बॉल इंटरपोझिशन झालंय' असं सांगायला फोन करणार नाही, तो म्हणेल काटा खोटा आहे.

यावर उपाय म्हणजे लिनक्सलाही विंडोजची शिस्त लावणं. जीसीसीमध्ये आवृत्ती ४.० पासून, म्हणजे २००५ पासून, 'एफव्हिजिबिलिटी'ला 'हिडन' ही किंमत देता येते. मग डिफॉल्ट उलटं होतं: काहीच बाहेर दिसत नाही, तुम्ही मुद्दाम खूण कराल तेवढंच दिसतं. सोबत इनलाइन फंक्शनं लपवणारा फ्लॅग लावा आणि लिंकरला 'नो-अनडिफाइन्ड' द्या, म्हणजे न सापडलेलं नाव तिथल्या तिथे एरर होईल. सीमेकमध्ये पहिल्या दोन्हींसाठी टार्गेटच्या प्रॉपर्टी आहेत, फ्लॅग हाताने लिहायची गरज नाही. यातून होणारा खरा फायदा वेगाचा नाही, थोडाफार वेगही मिळतो पण तो सोडा. फायदा हा की विंडोजला जे खटकणार ते तुमच्या लिनक्स मशीनवर त्याच दिवशी कळतं, गाळ्यावर गेल्यावर नाही.

मॅक्रो आता असा करा. प्रत्येक लायब्ररीला तिचा स्वतःचा: 'काटा_एपीआय', 'प्रतवारी_एपीआय'. विंडोजवर 'काटा_एपीआय'च्या तीन वाटा. 'काटा_स्टॅटिक' डिफाइन असेल तर रिकामा. नाहीतर 'काटा_एक्स्पोर्ट्स' डिफाइन असेल तर डीएलएलएक्सपोर्ट. दोन्ही नसतील तर डीएलएलइम्पोर्ट. लिनक्स आणि मॅकवर तो नेहमी 'व्हिजिबिलिटी डिफॉल्ट' हा ॲट्रिब्यूट, बिल्ड कोणाचीही चालू असो. 'काटा_एक्स्पोर्ट्स' तुम्ही स्वतः डिफाइन करायचं नाही. शेअर्ड लायब्ररीचा कोड कंपाइल करताना सीमेक टार्गेटच्या नावापुढे 'एक्स्पोर्ट्स' जोडून ते आपणहून डिफाइन करतं, आणि फक्त त्याच टार्गेटच्या फाइलींपुरतं. तुमचा 'मंडी_बिल्ड' सगळ्या प्रोजेक्टसाठी वरच्या सीमेक फाइलीत एकदाच लिहिलेला असावा असा माझा अंदाज आहे. तो काढून टाका. मॅक्रोचं हेडर हाताने लिहायचा कंटाळा असेल तर 'जनरेट एक्स्पोर्ट हेडर' हे सीमेकचं मॉड्यूल ते तयार करून देतं. मी स्वतः हातानेच लिहितो. दहा-बारा ओळींचं काम, आणि टीममधल्या नव्या पोराला ते उघडून वाचता येतं.

'काटा_स्टॅटिक'बद्दल एक सूचना. 'काटा' स्टॅटिक म्हणून बिल्ड कराल तेव्हा हे डेफिनिशन सीमेकमध्ये 'पब्लिक' म्हणून लावा. 'प्रायव्हेट' लावलं तर 'काटा' स्वतः व्यवस्थित बिल्ड होईल, पण तिला वापरणारा कोड हेडरमध्ये डीएलएलइम्पोर्ट वाचेल आणि पुढे 'इम्प' लावलेली नावं शोधत बसेल. ती नावं स्टॅटिक लायब्ररीत नसतात.

मॅक्रो कशावर लावायचा? कुठल्याही क्लासमध्ये नसलेल्या सुट्या फंक्शनांचं सोपं आहे, हेडरमधल्या डिक्लरेशनवर लावा आणि सीपीपी फाइलीत पुन्हा लिहू नका. क्लासबाबत दोन पंथ आहेत. एक पंथ अख्ख्या क्लासवर लावतो, दुसरा हव्या त्या मेंबर फंक्शनांवरच. दुसऱ्याने यादी आटोपशीर राहते हे खरं. पण ज्या क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शनं आहेत, ज्याच्यावर डायनॅमिक कास्ट होतो किंवा जो एक्सेप्शन म्हणून फेकला जातो, तो मी अख्खाच खुला करतो. कारण अशा क्लासची टाइपइन्फो, म्हणजे चालताना टाइप ओळखायची नोंद, हा आणखी एक सिम्बॉल असतो. 'काटा_बिघाड' नावाचा एक्सेप्शन 'काटा'ने फेकला आणि त्याची टाइपइन्फो दोन लायब्रऱ्यांत वेगवेगळी, लपलेली राहिली, तर 'प्रतवारी'तल्या कॅच ब्लॉकला तो आपला वाटेलच याची खात्री नाही. विंडोजवर ओळख टाइपच्या नावावरून पटते, म्हणून तिथे चालून जातं. बाकीकडे ते स्टँडर्ड लायब्ररी आणि प्लॅटफॉर्म यांच्यावर ठरतं. 'हिडन' लावल्यावर नव्याने उद्भवणारा हा एक मोठा त्रास आहे, तेव्हा एक्सेप्शनचे क्लास आधी शोधून त्यांच्यावर खूण करा.

अख्खा क्लास एक्स्पोर्ट केला की मायक्रोसॉफ्टचा कंपायलर सी४२५१ ही वॉर्निंग देतो: आतला स्टँडर्ड स्ट्रिंग किंवा व्हेक्टर हा मेंबर एक्स्पोर्ट केलेला नाही. लोक ती डोळे मिटून बंद करतात. तुमच्या बाबतीत दोन्ही डीएलएल आणि ॲप एकाच कंपायलरने, एकाच रनटाइमवर, एकाच वेळी बिल्ड होऊन एकत्रच गाळ्यावर जातात, तेव्हा बंद केली तरी चालेल. उद्या 'काटा' वेगळी विकायची ठरली आणि घेणारा त्याच्या कंपायलरने बिल्ड करणार असेल, तर तीच वॉर्निंग खरी ठरेल. तेव्हा आतला डेटा पॉइंटरमागे लपवावा लागेल.

हेडरमध्ये ठेवलेल्या स्टॅटिककडेही बघा. सेटिंग्जचा एकमेव ऑब्जेक्ट देणारं इनलाइन फंक्शन, ज्याच्या पोटात स्टॅटिक व्हेरिएबल आहे, अशी गोष्ट बहुतेक कोडबेसमध्ये असतेच. ती एक्स्पोर्ट न करता हेडरमध्ये ठेवली तर विंडोजवर प्रत्येक डीएलएलमध्ये तिची वेगळी प्रत तयार होते. 'काटा'त बॉड रेट (सिरियल पोर्टचा वेग) बदलला आणि 'प्रतवारी'ला जुनाच दिसतो, असा विचित्र प्रकार यातून होतो. लिनक्सवर आजवर डायनॅमिक लिंकर सगळ्या प्रती एक करून टाकत होता. 'हिडन' लावल्यावर तिथेही त्या वेगळ्या होतील. म्हणून अशा फंक्शनची डेफिनिशन सीपीपी फाइलीत न्या आणि फक्त डिक्लरेशनवर मॅक्रो लावा. त्याच झपाट्यात 'चालू_काटा' हा स्टॅटिक मेंबरही प्रायव्हेट करून त्याच्यासाठी एक फंक्शन द्या. सीमेपलीकडे डेटा जायलाच नको, फंक्शनच जावं. वर सांगितलेला आयातीचा आणि कॉपी रिलोकेशनचा सगळा भाग मग तुमच्यापुरता इतिहासजमा होतो.

आता 'सगळं एक्स्पोर्ट करा'. सीमेकमध्ये आवृत्ती ३.४ पासून विंडोजसाठी हा पर्याय आहे. ऑब्जेक्ट फाइली चाळून तो सगळ्या नावांची डेफ फाइल तयार करतो आणि लिंकरला देतो. जुना, लिनक्सच्या सवयीने लिहिलेला मोठा कोड एकदाचा विंडोजवर उभा करायचा असेल तर मी तो वापरायला सांगेन. तुम्हाला सांगणार नाही. एक तर त्याने तुमची ही एरर जाणारच नाही. फंक्शनं जंप कोडमुळे सुटतील, पण डेटासाठी वापरणाऱ्याच्या बाजूला डीएलएलइम्पोर्ट हवाच, आणि तो लावायचा तर पुन्हा मॅक्रो आलाच. दुसरं, एका डीएलएलमधून ६५,५३५ च्या पुढे नावं एक्स्पोर्ट होत नाहीत. टेम्प्लेटांनी भरलेल्या कोडाला ही मर्यादा वाटते तितकी लांब नसते. तुमचा कोड लहान आहे, तुम्हाला ती लागणार नाही, पण पहिलं कारण पुरेसं आहे.

टीममधलं कोणी मिनजीडब्ल्यूने (विंडोजवरच्या जीसीसीने) बिल्ड करत असेल तर त्याला एक सांगून ठेवा. तिथला लिंकर कोडात एकही डीएलएलएक्सपोर्ट दिसला नाही तर आपणहून सगळं एक्स्पोर्ट करतो. एका जरी फंक्शनवर लावला की ही मेहेरबानी बंद, फक्त खूण केलेलंच बाहेर जातं. अर्ध्या कोडावर मॅक्रो लावून झाला आणि कालपर्यंत चालणारी बाकीची फंक्शनं अचानक सापडेनाशी झाली, की माणूस चक्रावतो आणि नुकताच लावलेला मॅक्रो काढायला बसतो. काढू नका, उरलेल्या अर्ध्यावर लावा.

राहिला परस्परांचा पेच. 'काटा'ला 'प्रतवारी'ची लिब फाइल हवी, 'प्रतवारी'ला 'काटा'ची. लिब फाइल तर लिंक झाल्यावर जन्माला येते. मायक्रोसॉफ्टच्या साधनांत याची अधिकृत सोय आहे. लिब हे टूल 'डेफ' पर्यायासह 'काटा'च्या ऑब्जेक्ट फाइलींवर चालवायचं. 'काटा' लिंक न होताच तिची इम्पोर्ट लायब्ररी आणि एक ईएक्सपी फाइल तयार होते. त्या इम्पोर्ट लायब्ररीवर 'प्रतवारी' लिंक करायची, आणि शेवटी ती ईएक्सपी फाइल व 'प्रतवारी'ची लिब फाइल देऊन 'काटा' लिंक करायची. चालतं. तरी मी करू नका म्हणेन, आणि कारण बिल्डच्या कटकटीपेक्षा मोठं आहे. दोन डीएलएल एकमेकींवर अवलंबून असल्या की लोड होताना कोणाचं इनिशियलायझेशन आधी होईल याची हमी लोडर देत नाही. 'काटा'च्या एखाद्या ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरने 'प्रतवारी'च्या लॉगमध्ये ओळ लिहायचा प्रयत्न केला आणि तो लॉग अजून उभाच राहिलेला नसला, तर ॲप मेन फंक्शनपर्यंत पोचण्याआधीच आडवं होतं. असला क्रॅश तुमच्या मशीनवर कधीच येत नाही, गाळ्यावरच येतो. शिवाय 'काटा'ची टेस्ट 'प्रतवारी'शिवाय चालवता येत नाही, म्हणजे वेगळ्या लायब्रऱ्या ठेवून मिळवलं काय?

तुम्ही लिहिलंय की 'काटा'ला 'प्रतवारी'कडून हवं काय: लॉग लिहिणं, सेटिंग्ज वाचणं, आणि प्रत ठरली की काट्यावरचा दिवा बदलण्यासाठी कळवलं जाणं. या तिन्ही एका जातीच्या गोष्टी नाहीत. लॉग आणि सेटिंग्ज यांचा प्रतवारीशी संबंधच नाही, आधी तिथे लिहिले म्हणून ते तिथे राहिलेत. त्यांची 'पाया' नावाची तिसरी लायब्ररी करा, तिचा मॅक्रो वेगळा. ती दोघींपैकी कोणाचंही हेडर इन्क्लूड करणार नाही, हा नियम कडक पाळा. 'पाया'चं पुढे अडगळीचं कपाट होतं, ज्याला जागा नाही ते सगळं तिथे कोंबलं जातं. तेव्हा रिव्ह्यूमध्ये 'पाया'त नवी फाइल दिसली की का म्हणून विचारायची सवय ठेवा.

तिसरी गोष्ट कळवण्याची आहे. तिथे 'काटा'ने 'प्रतवारी'ला ओळखायची काहीच गरज नाही. 'पाया'मध्ये 'प्रत_श्रोता' असा एक क्लास ठेवा, त्यात 'प्रत_ठरली' हे एकच शुद्ध व्हर्च्युअल फंक्शन. 'काटा' त्याच्यावरून (इनहेरिट करून) आपला क्लास काढते आणि आत दिवा बदलते. 'प्रतवारी'कडे श्रोता नोंदवायचं एक फंक्शन असतं. सुरुवातीला 'पावती' एकीकडचा ऑब्जेक्ट दुसरीकडे नोंदवून देते. कॉल व्हीटेबलमधून, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांच्या तक्त्यातून, जातो, त्यामुळे 'काटा' आणि 'प्रतवारी' यांच्यात या कामासाठी लिंकरला एकही नाव जुळवावं लागत नाही. एक काळजी घ्या: या क्लासचा व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर हेडरमध्ये न लिहिता 'पाया'च्या सीपीपी फाइलीत लिहा आणि क्लासवर 'पाया_एपीआय' लावा. मग जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर त्याची टाइपइन्फो आणि व्हीटेबल एकाच जागी, 'पाया'त ठेवतात. नोंद काढून टाकायचं फंक्शनही विसरू नका, नाहीतर बंद होताना 'प्रतवारी' गेलेल्या ऑब्जेक्टला हाक मारेल.

अवलंबनाची दिशा आता सरळ झाली. 'पाया' सगळ्यात खाली, तिच्यावर 'काटा', 'काटा'वर 'प्रतवारी', वर 'पावती'. आधी कोणती बिल्ड करायची हे सीमेक स्वतः ठरवेल.

मेमरीबद्दल विचारलं नाहीत, पण विंडोजवर जाताय म्हणून सांगतो. 'काटा'ने न्यूने घेतलेला बफर 'प्रतवारी'ने डिलीट करणं हे दोघी एकच रनटाइम डीएलएल वापरत असतील तरच सुरक्षित आहे. एक डीबग आणि एक रिलीज, किंवा एकीत रनटाइम स्टॅटिक जोडलेला, असं झालं की दोघींचे हीप (मेमरी जिथून मिळते ते साठे) वेगळे होतात. ज्याने घेतली त्यानेच सोडायची. युनिक पॉइंटरला स्वतःचा डिलीटर देऊन हे सहज जमतं.

तपासणीसाठी लिनक्सवर एनएम हे टूल डायनॅमिक नावांच्या आणि डीमँगलच्या पर्यायासह चालवा. यादीत मोठा टी म्हणजे ही लायब्ररी देते, यू म्हणजे तिला बाहेरून हवंय, डब्ल्यू आणि व्ही म्हणजे वीक सिम्बॉल, बहुतेक इनलाइन आणि टेम्प्लेटांचे. विंडोजवर तेच काम डम्पबिनचे 'एक्स्पोर्ट्स' आणि 'इम्पोर्ट्स' हे दोन पर्याय करतात. मी एक गोष्ट प्रत्येक प्रोजेक्टात करतो: एक्स्पोर्ट झालेल्या नावांची क्रमवार यादी एका टेक्स्ट फाइलीत करून रिपॉझिटरीत ठेवतो, आणि सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) दर बिल्डला नवी यादी तिच्याशी ताडून बघतो. कोणी चुकून मॅक्रो लावला किंवा काढला तर ते डिफमध्ये एका ओळीत दिसतं.

विंडोजच्या बिल्डमध्ये सी४२७३ ही वॉर्निंग थेट एरर करून टाका, कंपायलरला 'डब्ल्यूई४२७३' दिलं की होतं. एकाच नावाबद्दल एके ठिकाणी आयात आणि दुसरीकडे काही वेगळं सांगितलं गेलं की ही येते. मॅक्रो चुकल्याची सगळ्यात आधी मिळणारी खबर हीच, आणि वॉर्निंगांच्या ढिगात ती हमखास हरवते.

क्रम असा ठेवा: आधी मॅक्रो वेगळे करा आणि विंडोजवर एवढंच बिल्ड करून बघा, त्या वेळी 'काटा'तले 'प्रतवारी'चे कॉल तात्पुरते कॉमेंट करून. एलएनके२००१ इथेच जायला हवी. नाही गेली तर 'प्रतवारी'च्या कंपाइल कमांडमध्ये 'काटा_एक्स्पोर्ट्स' कुठून तरी घुसलाय का ते पाहा. मग 'पाया' वेगळी काढा, श्रोता लावा आणि कॉमेंट उठवा. शेवटी लिनक्सवर 'हिडन' आणि 'नो-अनडिफाइन्ड' लावा. तो बिल्ड त्या दिवशी तुटणार, धरूनच चाला. तुटलेल्या प्रत्येक नावावर मॅक्रो चिकटवत सुटू नका. आधी विचारा की हे नाव दुसऱ्या लायब्ररीला खरंच लागतं का, कारण त्यातली बरीचशी एखाद्या टेस्टने किंवा एखाद्या घाईच्या दुरुस्तीने ओढून घेतलेली निघतील. टेस्टसाठी आतली नावं हवी असतील तर तोच कोड स्टॅटिक म्हणून बिल्ड करून टेस्टला जोडा. 'काटा_स्टॅटिक'ची वाट मॅक्रोत ठेवायची ती त्यासाठीही.